तीन गोलांच्या आघाडीचा प्रिव्ह्यू कसा लिहावा: लिव्हरपूल–बार्सिलोना, मे २०१९

६ मे २०१९ च्या सोमवारी ज्याला ज्याला लिव्हरपूल–बार्सिलोना सामन्याचा प्रिव्ह्यू, म्हणजे सामन्याआधीचा लेख, लिहायचा होता, त्याचं काम वरवर पाहता अगदी सोपं होतं. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. दोन सामन्यांतला पहिला (पहिला लेग) १ मे रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर झालेला, बार्सिलोना ३, लिव्हरपूल ०. दुसरा लेग मंगळवारी लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर. लिव्हरपूलच्या आक्रमणातले सलाह आणि फर्मिनो दोघेही खेळणार नाहीत, हे प्रशिक्षक युर्गन क्लॉपने सोमवारच्या पत्रकार परिषदेत सांगून टाकलेलं. समोर मेस्सी, आणि तोही भलत्याच भरात. त्यामुळे जिकडेतिकडे प्रिव्ह्यूचा सूर एकच होता: चमत्कार झाला तरच.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लिव्हरपूल ४, बार्सिलोना ०, एकूण ४–३. त्या रात्रीवर इतकं लिहून झालंय की आणखी एक कौतुकाचा लेख कुणालाच नको आहे. मला तपासायचंय ते वेगळंच. सोमवारी रात्री लिहिणाऱ्याच्या टेबलावर कोणकोणती माहिती होती, त्यातली कोणती त्याने उचलली आणि कोणती तशीच पडून राहिली? एक सुरुवातीलाच सांगून टाकतो. बार्सिलोना नक्की हरणार असं सोमवारी छातीठोकपणे लिहिणारा माणूस मंगळवारी खरा ठरला असता, तरी त्याचा प्रिव्ह्यू वाईटच म्हटला पाहिजे. निकाल ओळखणं म्हणजे प्रिव्ह्यू असं मी धरत नाही. सामना कुठे फुटू शकतो ती जागा दाखवता आली की प्रिव्ह्यूचं काम झालं, आणि या सामन्यात ती जागा आदल्या दिवशीही दिसत होती.

आधी गणित

त्या काळी अवे गोलचा नियम होता (युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने तो २०२१–२२ च्या हंगामापासून काढून टाकला). दोन लेग मिळून गोल समान झाले, तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे. बरोबरीत सुटलेला रणजी बाद फेरीचा सामना पहिल्या डावाच्या आघाडीवर लागतो, तशातला प्रकार. म्हणजे मंगळवारी लिव्हरपूलने ३–० केलं तर जादा वेळ, ४–० केलं तर थेट अंतिम फेरी. पण बार्सिलोनाने एक जरी गोल केला, तर लिव्हरपूलला पाच हवेत.

हे गणित सगळ्यांनी छापलं, पण त्यातून निघणारा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. ‘लिव्हरपूल चार गोल करू शकेल का?’ यावर पानंच्या पानं भरली. खरं तर आधी विचारायला हवं होतं ते हे, की बार्सिलोना ॲनफिल्डवर एक तरी गोल करेल का? याचं उत्तर हो असेल, तर पुढचं काही लिहायची गरजच उरत नाही. नाही असेल, तर सामना जिवंत आहे.

मेस्सीचा संघ आणि नव्वद मिनिटांत एक गोल नाही? ऐकायला विचित्रच वाटतं. म्हणून मागचे निकाल काढून बघू. फेब्रुवारी २०१६ मध्ये बार्सिलोनाने आर्सेनलला त्यांच्याच घरी २–० ने हरवलं होतं. त्यानंतर चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत हा संघ परक्या मैदानावर सात वेळा उतरला. ॲटलेटिको माद्रिदकडे ०–२. पॅरिसला ०–४. युव्हेंटसकडे ०–३. चेल्सीकडे १–१. रोमाकडे ०–३. लिऑनला ०–० आणि मँचेस्टर युनायटेडकडे १–०. सात सामन्यांत चार पराभव, दोन बरोबरी, एक विजय. खाल्लेले गोल तेरा, केलेले दोन. त्या दोनातला एक युनायटेडच्या ल्यूक शॉच्या नावावर स्वयंगोल म्हणून नोंदला गेला. राहिला एक, तो मेस्सीचा, चेल्सीच्या बचावपटूने स्वतःच्या गोलसमोर आडवा पास चुकवला त्यावर मिळालेला.

तीन हंगामांहून जास्त काळ, दोन प्रशिक्षक (आधी लुईस एन्रिके, मग एर्नेस्तो वाल्व्हेर्डे), आणि परक्या मैदानावर बाद फेरीत बार्सिलोनाच्या खेळाडूच्या नावावर फक्त एक गोल. याच काळात घरच्या मैदानावर हाच संघ ६–१, ४–१, ५–१ असे निकाल लावत होता. या घरच्या आकड्यांमुळेच परक्या मैदानावरचे आकडे झाकले जात. पॅरिसचा ०–४ आठवतो तो पुढच्या ६–१ मुळे, स्वतःच्या बळावर नाही.

आता याच्या विरुद्ध बाजूचंही मांडायला हवं, नाहीतर हा वकिली युक्तिवाद होईल. सात सामने म्हणजे काही मोठा नमुना नाही. शिवाय त्याच हंगामात गटसाखळीत याच संघाने वेम्बलीवर टॉटनहॅमला ४–२ ने हरवलं होतं, मेस्सीचे दोन गोल त्यात होते. ॲनफिल्डवर येईपर्यंत त्या मोसमाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोना एकदाही हरला नव्हता. म्हणजे ‘परक्या मैदानावर यांना गोल होतच नाही’ असं लिहिता आलं नसतं. पण बाद फेरीत, जोरात दाबणाऱ्या यजमानांसमोर, आघाडी सांभाळायच्या मनःस्थितीत हा संघ आक्रसतो, एवढं नक्की लिहिता आलं असतं.

आणि रोमाचं उदाहरण तर जेमतेम वर्षभरापूर्वीचं. १० एप्रिल २०१८. पहिला लेग बार्सिलोनाने ४–१ असा जिंकलेला. रोममध्ये सहाव्या मिनिटाला झेकोचा गोल, उत्तरार्धात दे रोसीची पेनल्टी, ८२ व्या मिनिटाला मानोलासचा हेडर. ३–०, अवे गोलवर रोमा पुढे. प्रशिक्षक तोच वाल्व्हेर्डे, मैदानावरचे बरेचसे चेहरे तेच. बहुतेक प्रिव्ह्यूंत रोमाचा उल्लेख एका वाक्यात उरकलेला असायचा, ‘इतिहासातला दाखला’ म्हणून. पण त्या रात्री रोमाच्या गोलात कोण उभा होता? अलिसन. तोच आता लिव्हरपूलच्या गोलात होता. बार्सिलोनाला तीन गोलांनी हरवून, त्यांना एकही गोल न देता बाहेर कसं काढतात हे आतून पाहिलेला माणूस यजमानांच्या ड्रेसिंग रूममध्ये बसला होता. प्रिव्ह्यूत एखादा परिच्छेद द्यावा इतकी ही गोष्ट मोठी होती.

३–० म्हणजे किती?

पहिल्या लेगचा गोलफलक खरा, पण तो सामन्याचं चित्र सांगत नव्हता. बॉल लिव्हरपूलकडे थोडा जास्तच होता. सुआरेझने २६ व्या मिनिटाला डावा बचावपटू अल्बाच्या पासवर पहिला गोल केला, त्यानंतर मानेने समोरासमोरची संधी वरून घालवली. उत्तरार्धाच्या सुरुवातीला मिल्नर आणि सलाह यांचे शॉट गोलरक्षक टेर स्टेगनने अडवले, आणि साधारण पाव तास बार्सिलोना स्वतःच्या अर्ध्या मैदानात कोंडला गेला होता. तासाभराच्या खेळानंतर वाल्व्हेर्डेने कुटिन्होला काढून बचावपटू सेमेडोला आणलं, म्हणजे घरच्या मैदानावर, आघाडी असताना, एक आक्रमक कमी केला. मग ७५ व्या मिनिटाला सुआरेझचा बॉल आडव्या खांबावर आपटून मेस्सीकडे आला, आणि ८२ व्या मिनिटाला ती फ्री किक. तिच्याबद्दल विश्लेषण वगैरे करण्यात अर्थ नाही. तो मेस्सीचा बार्सिलोनासाठीचा सहाशेवा गोल होता आणि जगातल्या कुठल्याच बचावाकडे त्यावर उत्तर नव्हतं. दोनच मिनिटांत फर्मिनोचा शॉट गोलरेषेवरून परतवला गेला आणि परत आलेला बॉल सलाहने खांबावर मारला.

शेवटचा प्रसंग तर मला सगळ्यात बोलका वाटतो. भरपाई वेळ संपत आलेली, बार्सिलोनाचा वेगवान प्रतिहल्ला, मेस्सीने डेम्बेलेला बॉल दिला आणि डेम्बेलेने तो अलगद अलिसनच्या हातात सोडला. ३–० ने जिंकत असलेल्या सामन्यात मेस्सी हताश होऊन मैदानावर आडवा झाला. तीन गोल पुरेसे आहेत असं वाटणाऱ्या माणसाची ही प्रतिक्रिया नव्हे. कॅमेऱ्याने ते टिपलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे फ्री किकचाच फोटो होता.

थोडक्यात, खेळावरून निकाल काढायचा तर १–० किंवा २–१ असा काहीतरी निघाला असता. ३–० मध्ये मेस्सीची प्रतिभा होती आणि थोडं नशीब. प्रतिभा ॲनफिल्डवरही येणार होती, नशिबाचं तिकीट मात्र परतीचं नसतं.

कोण नाही, आणि कोण आहे

प्रिव्ह्यू लिहिताना आपण सगळेच दुखापतींच्या यादीवर तुटून पडतो. तयार माल असतो तो. सलाहला ४ मे रोजी न्यूकॅसलमध्ये गोलरक्षकाशी धडकून डोक्याला मार बसलेला, फर्मिनोचा स्नायू दुखावलेला, केइटा पहिल्या लेगमध्येच लंगडत बाहेर गेलेला. आक्रमणातल्या तिघांतले दोघे गेले म्हटल्यावर ‘चार गोल कोण करणार?’ हा प्रश्न स्वाभाविक होता.

मात्र या यादीच्या नादात उलटी यादी कुणी केली नाही. पहिल्या लेगमध्ये न खेळलेला कोण परत येतोय? ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड. कॅम्प नोऊवर क्लॉपने उजव्या बाजूला गोमेझला उतरवलं होतं, अल्बाच्या बाजूला बचाव पक्का असावा म्हणून. अलेक्झांडर-अर्नोल्ड पूर्ण सामना बेंचवर होता. आणि लिव्हरपूलचा त्या हंगामातला खेळ ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको की या संघाचे प्लेमेकर, म्हणजे गोलसंधी घडवणारे, मधल्या फळीत नव्हतेच. ते दोन्ही कडांचे बचावपटू होते. लीगमध्ये अलेक्झांडर-अर्नोल्डचे १२ आणि रॉबर्टसनचे ११ असिस्ट (गोलआधीचे शेवटचे पास) झाले त्या हंगामात. फेब्रुवारीत वॉटफर्डला ५–० हरवलं तेव्हा पाचही गोलांचे पास या दोघांचे होते. कॅम्प नोऊवर त्यातला अर्धा कारखाना बंद होता.

आता न्यूकॅसलचा सामना बघा. लिव्हरपूल ३–२ ने जिंकलं. व्हॅन डाइकचा गोल, अलेक्झांडर-अर्नोल्डच्या कॉर्नरवर. सलाहचा गोल, अलेक्झांडर-अर्नोल्डच्या क्रॉसवर. आणि ८६ व्या मिनिटाला विजयी गोल, शकिरीच्या फ्री किकवर, बदली आलेल्या ओरिगीच्या डोक्याने. मंगळवारी सलाह–फर्मिनोच्या जागी कोण येणार होते? शकिरी आणि ओरिगी. डिसेंबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध ९६ व्या मिनिटाला गोल करणाराही हाच ओरिगी. हा काही रोजचा स्ट्रायकर नव्हता, पण लिव्हरपूलचे गोल आता कडेवरून येणाऱ्या बॉलवर आणि थांबलेल्या बॉलवर (कॉर्नर, फ्री किक) येणार, हे तीन दिवस आधीच्या सामन्यात स्वच्छ दिसलं होतं.

बार्सिलोनाकडे उलट स्थिती. लीग २७ एप्रिललाच खिशात घातलेली. सेल्टा विगोविरुद्धच्या सामन्यात वाल्व्हेर्डेने मेस्सीसकट सगळ्या मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली. सामना ०–२ ने गेला आणि पहिल्याच मिनिटांत डेम्बेले जायबंदी झाला. प्रिव्ह्यूंत ‘ताजातवाना बार्सिलोना, दमलेला लिव्हरपूल’ असं आलं. वाचायला तर्कशुद्ध. लिव्हरपूल खरोखर दमलेलं असणारच, कारण लीगमध्ये मँचेस्टर सिटीशी शेवटपर्यंत चुरस होती, आणि सोमवारी रात्रीच कोंपनीने लांबून मारलेल्या गोलवर लेस्टरला हरवून सिटी एका गुणाने पुढे गेली होती. पण ताजेपणाबरोबर वयही मोजायला हवं होतं. वाल्व्हेर्डे पहिल्या लेगचाच संघ उतरवणार हे उघड होतं आणि त्याने तोच उतरवला. त्या अकरांतले सात जण तिशीतले: पिके, अल्बा, बुस्केट्स, राकितिच, विदाल, मेस्सी, सुआरेझ. लिव्हरपूलच्या अकरांत तिशी ओलांडलेला एकटा मिल्नर. विश्रांतीने पाय हलके होतात, पण सतत दाब येत असताना पुन्हा पुन्हा मागे धावायची ताकद त्याने येत नाही.

आणि मैदान. ॲनफिल्डच्या ‘वातावरणा’वर प्रत्येकजण दोन भावुक ओळी लिहितो. त्यापेक्षा साधी नोंद पुरली असती: ऑक्टोबर २०१४ मध्ये रियाल माद्रिदकडून हरल्यानंतर युरोपच्या स्पर्धांत लिव्हरपूल घरी हरलेलं नव्हतं. त्या हंगामातल्या घरच्या पाच सामन्यांत फक्त दोन गोल खाल्ले होते, दोन्ही पॅरिसकडून. म्हणजे बायर्न, नापोली, पोर्तो, रेड स्टार यांच्यापैकी कुणालाच ॲनफिल्डवर गोल करता आला नव्हता. वर विचारलेल्या ‘बार्सिलोना एक तरी गोल करेल का’ या प्रश्नाची दुसरी बाजू ही.

एवढं सगळं मांडून मी सोमवारी काय लिहिलं असतं? बार्सिलोनाच पुढे जाण्याची शक्यता जास्त, हेच. त्यात बदल नाही. पण त्याखाली हे लिहायला हवं होतं की लिव्हरपूलने पहिल्या पंधरा मिनिटांत गोल केला आणि मध्यंतरापर्यंत बार्सिलोनाला कोरडं ठेवलं, तर पुढे काय होईल ते रोमाला विचारा. आणि अल्बाच्या बाजूवर लक्ष ठेवा, कारण तो पुढे गेला की मागची मोकळी जागा अलेक्झांडर-अर्नोल्डची.

मंगळवारी

भारतात सामना रात्री साडेबाराला सुरू झाला. आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींची ही जुनीच अडचण. निकाल लागेपर्यंत अडीच वाजत आलेले असतात, सकाळच्या अंकात तो बसवणं अवघड, त्यामुळे चहाबरोबर छापील प्रिव्ह्यू वाचला जातो तेव्हा वाचणाऱ्याला निकाल मोबाइलवर कळलेला असतो. ८ मेच्या सकाळी ‘मेस्सीला रोखणं अशक्य’ छापाचे मथळे वाचायला जी मजा आली असेल, ती काही औरच.

सातव्या मिनिटाला अल्बाने डोक्याने मागे दिलेला बॉल तोकडा पडला आणि मानेने उचलला. त्याने हेंडरसनला दिला, हेंडरसनचा शॉट टेर स्टेगनने परतवला, समोर ओरिगी मोकळा. १–०. मध्यंतरानंतर ५४ व्या मिनिटाला पुन्हा तीच बाजू: अलेक्झांडर-अर्नोल्डने आधी बॉल गमावला, लगेच हिसकावून घेतला, खालून क्रॉस मारला आणि वाइनाल्डमने तो टेर स्टेगनच्या हाताखालून घातला. दोन मिनिटांत शकिरीच्या क्रॉसवर वाइनाल्डमचाच हेडर. ३–०.

मग ७९ वं मिनिट. कॉर्नर. अलेक्झांडर-अर्नोल्ड बॉल ठेवून दूर निघतो, शकिरी घेणार असं दाखवत. बार्सिलोनाचे बचावपटू अजून आपापली जागा शोधतायत, कुणाची पाठ बॉलकडे, कुणी खाली बघतोय. पोरगा दोन पावलं चालतो, नजर वर करतो, ओरिगी एकटा दिसतो, गर्रकन मागे वळून बॉल जमिनीलगत आत मारतो. ओरिगीचा पहिल्याच स्पर्शात गोल. पिके बॉल जाळ्यात गेल्यावर वळला. खेळ थांबला की बार्सिलोनाचे खेळाडू पुन्हा उभे राहायला वेळ लावतात, हे लिव्हरपूलच्या विश्लेषकांनी आधीच हेरलं होतं आणि बॉल बॉइजना बॉल झटपट परत द्यायला सांगितलं होतं, असं नंतर छापून आलं. बाहेरच्या कुठल्याच प्रिव्ह्यूकाराला हे माहीत असणं शक्य नव्हतं. पण न्यूकॅसलविरुद्ध लिव्हरपूलच्या तीनातले दोन गोल थांबलेल्या बॉलवरचे होते, हे माहीत होतं.

जे ओळखता आलं नसतं तेही लिहून ठेवतो. वाइनाल्डम मुळात बेंचवर होता. पूर्वार्धात सुआरेझची लाथ पायावर बसून रॉबर्टसन मध्यंतराला बाहेर गेला, मिल्नर डावीकडे मागे सरकला, म्हणून वाइनाल्डम आत आला. दोन गोल करणारा माणूस नाइलाजाने उतरलेला बदली होता. आणि अलिसन: पूर्वार्धात मेस्सी आणि कुटिन्हो, मध्यंतराच्या तोंडावर एकटा घुसलेला अल्बा, ५१ व्या मिनिटाला सुआरेझ. यातला एक बॉल जरी आत गेला असता, तरी हा सामना ‘लिव्हरपूलची झुंजार हार’ म्हणून विसरला गेला असता आणि मी वर मांडलेलं सगळं तसंच्या तसं खरं असूनही कुणी ऐकलं नसतं. सुआरेझचा तो शॉट आणि वाइनाल्डमचा पहिला गोल यांत तीन मिनिटांचं अंतर आहे.

पुढच्या वर्षी

१ जूनला माद्रिदमध्ये टॉटनहॅमला २–० हरवून लिव्हरपूलने करंडक नेला, दुसरा गोल पुन्हा ओरिगीचाच. पण या प्रकरणाचा खरा पुढचा अंक ११ मार्च २०२० चा. राउंड ऑफ सिक्स्टीन, ॲटलेटिको माद्रिदविरुद्ध पहिला लेग ०–१ ने गेलेला, दुसरा ॲनफिल्डवर. मी वाचलेल्या प्रिव्ह्यूंत पहिल्याच परिच्छेदात बार्सिलोनाची रात्र होती. तीन गोल फेडणाऱ्यांना एक गोल काय जड?

‘ॲनफिल्डवर काहीही होऊ शकतं’ एवढंच लोकांनी उचललं होतं. समोरचा संघ परक्या मैदानावर कसा वागतो, आपल्यात कोण आहे आणि कोण नाही, हे कोष्टक पुन्हा कुणी मांडलं नाही. ॲटलेटिको आघाडी सांभाळताना आक्रसणारा संघ नव्हता. आघाडी सांभाळणं हाच त्यांचा प्रशिक्षक सिमिओनेचा धंदा. आणि अलिसन दुखापतीमुळे बाहेर होता, गोलात अड्रियान. वाइनाल्डमने पूर्वार्धात गोल केला, ॲटलेटिकोचा गोलरक्षक ऑब्लाकने त्यानंतरचं जवळजवळ सगळं अडवलं, जादा वेळेत फर्मिनोने २–० केलं. तीनच मिनिटांत अड्रियानची किक चुकून थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेली, योरेंतेने गोल केला. आता अवे गोलचं तेच जुनं गणित लिव्हरपूलच्या मानगुटीवर बसलं. योरेंतेने दुसराही केला, शेवटी मोराताने तिसरा. २–३. ऑक्टोबर २०१४ नंतरचा युरोपमधला घरचा पहिला पराभव.